माझ्या जागेत दुसऱ्याने ड्रग्ज विकले, तर मी कसा जबाबदार?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तुमचा छोटा बार आहे. टॉयलेटच्या बोळात आणि पार्किंगमध्ये एकजण पुड्या विकतो असा तुम्हाला दाट संशय आहे. पोलिसांना कळवलं तर लायसन्सवर गंडांतर, नाही कळवलं तर तुम्हीच साथीदार. आणि मुळात तुम्ही धंदा करता, पोलीस नाही, मग हे ओझं तुमच्या डोक्यावर का?

मी वकील नाही. सहा वर्षं एका लॉजचं रात्रीचं काउंटर सांभाळलंय, आणि तिथे एकदा पोळल्यावर या विषयावर बरंच वाचलं. तो प्रसंग आधी सांगतो.

दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत एक गिऱ्हाईक आलं. रोज सकाळी रोख देऊन एक दिवस वाढवायचं. सामान म्हणजे एक सॅक. चादर बदलायला कुणाला आत घ्यायचं नाही. रात्री अकरानंतर त्याच्याकडे माणसं यायची आणि पाच मिनिटांत खाली उतरायची. जिना माझ्या काउंटरसमोरूनच, त्यामुळे मोजायची नाहीत म्हटलं तरी मोजली जायची. रूमबॉयला तिसऱ्या दिवशीच सगळं कळलं होतं. मी मालकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "भाडं वेळेवर देतोय ना? मग आपल्याला काय करायचंय?" मीही गप्प बसलो. अकराव्या रात्री पोलीस आले. त्यांनी मालकांना नाही, मला नाही, आधी रूमबॉयला बाजूला घेतलं आणि एकच विचारलं: हे चालतं ते इथे कुणाकुणाला माहीत होतं? पोराने खरं ते सांगितलं. मालकांचं ते वाक्य दोनदा कागदावर आलं, एकदा त्याच्या जबाबात, एकदा माझ्या.

कायद्याचा सगळा भार या 'माहीत होतं' वरच आहे. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचं, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याचं, कलम २५ बघा: घर, खोली, आवार, गाडी, जे काही ज्याच्या ताब्यात आहे त्याने ते अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू दिलं, तर मूळ गुन्ह्याला जी शिक्षा, तीच त्यालाही. ब्रिटनच्या १९७१ च्या ड्रग्जविरोधी कायद्याचं कलम ८ जवळपास हेच म्हणतं, आणि त्यात जागेचा कारभार बघणारेही येतात. अमेरिकेने १९८६ मध्ये असंच कलम आणलं, शिक्षा वीस वर्षांपर्यंत. म्हणजे सातबारा कुणाच्या नावावर आहे यापेक्षा चाव्या कुणाच्या हातात आहेत हे महत्त्वाचं. तुमचा मॅनेजरही यात येतो, हे त्याला सांगितलंय का?

खरोखरच माहीत नसेल तर? इंग्लंडमधला एक जुना खटला आहे, स्वीट विरुद्ध पार्सले. एका शिक्षिकेने आपलं शेतावरचं घर भाड्याने दिलं होतं, एक खोली स्वतःकडे ठेवली होती, अधूनमधून भाडं घ्यायला जायची. भाडेकरू तिथे गांजा ओढत होते. खालच्या कोर्टांनी तिला दोषी धरलं, कारण तेव्हाच्या कायद्यात 'माहीत असणं' असा शब्दच नव्हता. १९६९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, तिला सोडलं: ज्या गोष्टीचा पत्ताच नाही, तिच्यासाठी माणसाला गुन्हेगार ठरवता येत नाही. पुढे १९७१ च्या कायद्यात तो शब्द आला.

पण 'मला माहीत नव्हतं' आणि 'मी बघितलंच नाही' यांत फरक आहे. संशय आला आणि मुद्दाम चौकशी टाळली, तर बऱ्याच देशांतली कोर्टं ते माहीत असल्यासारखंच धरतात. भारतात तर एनडीपीएसचं कलम ३५ आणखी एक पाऊल पुढे आहे. मूळ घटना सरकारी पक्षाने सिद्ध केली, की आरोपीच्या मनात काय होतं ते कोर्ट गृहीत धरतं. माहीत नव्हतं हे दाखवण्याची जबाबदारी मग त्याची, आणि तेही संशयाला जागा राहणार नाही असं. तुम्ही हा प्रश्न लिहिलात त्या क्षणी 'माहीत नव्हतं' चा दरवाजा तुमच्यासाठी बंद झाला. घाबरवायला सांगत नाही, वस्तुस्थिती आहे.

आता तुमच्या भीतीकडे येतो, कारण ती अगदीच खोटी नाही आणि लोक ती उगाच उडवून लावतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ट्यूक्सबरी गावी कॅसवेल नावाचं एका कुटुंबाचं मोटेल होतं. २००९ मध्ये सरकारने ती मालमत्ताच जप्त करायला दावा लावला. १४ वर्षांत तिथे ड्रग्जची १५ प्रकरणं झाली होती, आणि त्या काळात खोल्या भाड्याने गेल्या होत्या जवळजवळ दोन लाख वेळा. कुटुंब पोलिसांना सहकार्य करत आलेलं. २०१३ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला, पण तोवर तीन वर्षांहून जास्त काळ टांगती तलवार.

त्याहून बोचणारं प्रकरण इंग्लंडमधल्या केंब्रिजचं. बेघरांसाठी दिवसाचं निवारा केंद्र चालवणाऱ्या दोघांना १९९९ मध्ये ब्रिटनच्या त्याच कलम ८ खाली पाच आणि चार वर्षांची शिक्षा झाली, कारण केंद्राच्या आवारात हेरॉइन विकलं जात होतं. ते विकणाऱ्यांना बंदी घालत, पण बंदी घातलेल्यांची नावं पोलिसांना देत नसत. इथे येणाऱ्याचा विश्वास तुटू नये, हे त्यांचं तत्त्व होतं. अपिलात शिक्षा कमी झाली, दोष कायम राहिला. मला हा निकाल आजही पटत नाही. ज्या माणसांना दुसरं कुणी दारात उभं करत नाही त्यांच्यासाठी दार उघडं ठेवायचं आणि आत काहीही होऊ द्यायचं नाही, हे कुणाला जमणार? पण नोंद घ्या, कोर्टाला त्यांचा हेतू विचारात घ्यायचा नव्हता. तुम्हाला माहीत होतं, तुमच्या हातात होतं, तुम्ही पुरेसं केलंत का, एवढंच.

आणि पुरेसं केलं असलं तरी लायसन्स जाऊ शकतं, कारण लायसन्सचं गणित फौजदारी गुन्ह्याहून वेगळं असतं. लंडनच्या फॅब्रिक नाइटक्लबची व्यवस्था एका न्यायाधीशाने डिसेंबर २०१५ मध्ये आदर्श म्हणून वाखाणली होती. २०१६ च्या उन्हाळ्यात तिथे आलेली दोन अठरा वर्षांची मुलं ड्रग्जमुळे गेली आणि सप्टेंबरमध्ये लायसन्स रद्द. नोव्हेंबरमध्ये तडजोड होऊन जानेवारी २०१७ मध्ये क्लब पुन्हा उघडला, ओळखपत्र स्कॅन करणं, वयाची अट १९ वर नेणं, वाढीव कॅमेरे अशा अटींवर. त्या वाटाघाटीत बसायला हातात काही होतं, ते आधीच्या वर्षांच्या कागदांमुळे, असं मला वाटतं.

तुम्ही पोलीस नाही, मान्य. पण दिवा कुठे लावायचा, कुणाला आत घ्यायचं, कुठल्या दाराला कडी घालायची, हे तुम्हीच ठरवता. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या १९८९ च्या अभ्यासात शहरातल्या जेमतेम ३.३ टक्के ठिकाणांहून पोलिसांना निम्म्याहून जास्त फोन आले होते. शेजारीशेजारी दोन बार, एकात रोज राडा, दुसऱ्यात नाही. हा फरक बहुतेक वेळा चालवणाऱ्याचा असतो. वॉशिंग्टनमधल्या १९७० च्या एका दिवाणी निकालात कोर्टाने हेच म्हटलं. एका मोठ्या इमारतीत भाडेकरू राहायला आली तेव्हा दारावर माणूस होता. काही वर्षांत तो काढला गेला, चोऱ्या-हल्ले वाढले, मालकाला ते कळवलं गेलं होतं, आणि अखेर तिच्यावरच हल्ला झाला. भरपाईसाठी मालक जबाबदार, कारण सामायिक जागेवर ताबा फक्त त्याचा होता.

तर करायचं काय? आधी वकील गाठा आणि तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही. तारीख, वेळ, काय दिसलं, हे एका वहीत रोज लिहा, आणि अंदाज लिहू नका, दिसलं तेवढंच. स्टाफने त्या माणसाच्या खिशात हात घालायचा नाही. सापडलेली पुडी गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये तर मुळीच ठेवायची नाही, मग ती तुमच्या ताब्यातली ठरते. इंग्लंडमधले क्लब यासाठी पोलिसांशी आधी ठरवून कुलूपबंद पेटी आणि नोंदवही ठेवतात. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर हात न लावता फोन करा. फुटेज लगेच बाजूला काढा, बरेचसे रेकॉर्डर काही दिवसांनी जुनं पुसून वर नवं लिहितात.

आणि एक गोष्ट तक्रारीच्याही आधी बघा. तो माणूस रोज त्याच कोपऱ्यात उभा राहतो, त्याला कुणी हटकत नाही, म्हणजे तुमच्या स्टाफपैकी कुणाला तरी त्याच्याकडून काही मिळतंय का? आमच्या लॉजमध्ये मिळत होतं. रूमबॉयला नाही, पार्किंगवाल्याला.