लगतदाराला नोटीस

“मॅडम, भावाला नाही म्हटलं तर नातं तुटणार नाही ना?” शब्द बदलून हा प्रश्न समुपदेशनात माझ्यापुढे सतत येतो.

त्या दिवशी विचारणारे गृहस्थ भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. (त्यांच्या परवानगीने, ओळख पटू नये इतके तपशील बदलून लिहिते आहे.) वडील लवकर गेले. थोरल्याने शाळा सोडून यांना शिकवलं. आता गावाकडून सारखी मागणी यायची. कधी विहिरीवरची मोटार जळली, कधी कुणाचा आहेर. हे बायकोपासून लपवून पैसे पाठवत आणि मग आठवडाभर भावाचा फोन उचलत नसत.

मी ‘मर्यादा’ म्हटलं तसे ते आक्रसले. चूक माझी होती. आपल्याकडे मर्यादा पाळायची असते, तीही धाकट्याने, घालायची नसते. कुटुंबोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांनी १९७४ मध्ये कुटुंबातल्या सीमा ताठर, स्पष्ट आणि विरघळलेल्या अशा सांगितल्या. हे एका महिन्यात दोन्ही टोकं गाठत होते. पण ते समजावण्याऐवजी मी विचारलं, “मोजणी कशी करता?”

ते खुलले. “आधी लगतदारांना, म्हणजे शेजारच्या जमिनीवाल्यांना, नोटीस. मूळ नकाशा घ्यायचा, सगळ्यांसमोर मोजायचं, हद्दीच्या खुणा दाखवायच्या. हल्ली उपग्रहाच्या मदतीने मोजणारे रोव्हर आलेत, पण नोटीस चुकत नाही.”

“आणि बांध कोरणारा?”

“तो एका रात्रीत कोरत नाही. दर नांगरटीला वीतभर. समोरचा बोलत नाही म्हणून.” ते थांबले. “दादाला मी नोटीसच दिली नाही, मॅडम.”

दादाचं ऋण खरं होतं, ते मूळ नकाशातच होतं. त्यामुळे ते पुसायचा प्रश्न नव्हता. बांध म्हणजे भिंत नव्हे. त्यावरून दोन्हीकडची माणसं चालतात, पाण्याला सांडवा ठेवतात. पेशीचं पटलसुद्धा हवं ते आत घेतं. सगळंच अडवलं तर पेशी मरेल. म्हणून काय द्यायचं हे आम्ही आधी लिहिलं: पेरणीचं बियाणं आणि दवाखाना. बाकीच्याला नाही. बायकोशी बोलायला त्यांना आणखी दोन भेटी लागल्या, आणि तेच जास्त अवघड गेलं.

मग ते गावी जाऊन समोर बसून बोलले. दादा तीन आठवडे गप्प होते. ते दिवस यांनी कसे काढले, मी पाहिलं आहे. रोज वाटायचं, पाठवून टाकावेत.

मृगाच्या तोंडावर फोन आला. “बियाण्याचे ठरलेत तेवढेच धाड. आणि पोरांना घेऊन ये, आंबे उतरवलेत.”