एका मॉडेलचे तीन व्ह्यू: दृश्य की दर्शक?

पदविकेच्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढणाऱ्या एका शिक्षकांनी विचारलंय: मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर (प्रोग्रामची विभागणी: मॉडेल माहिती ठेवतं, व्ह्यू ती दाखवतो, कंट्रोलर वापरणाऱ्याचं ऐकतो) समजावताना ‘एका प्रतिमानाची अनेक दृश्ये असतात व नियंत्रक ती बदलतो’ हे वाक्य चालेल का? आणि ‘व्ह्यू’चं अनेकवचन ‘व्ह्यूज’ करायचं का?

आधी सोपं ते. एक फोन, दोन फोन. तसाच एक व्ह्यू, दोन व्ह्यू. पुल्लिंगी शब्द आकारान्त नसला की मराठीत अनेकवचनात तसाच राहतो, ‘ज’ जोडायची गरज नाही. ‘मॉडेल’ मात्र नपुंसकलिंगी, त्यामुळे बोलताना ‘मॉडेलं’.

‘दृश्य’ मला खटकतो. दृश्य म्हणजे जे दिसतं ते, पडद्यावर उमटलेलं चित्र. प्रोग्राममधला व्ह्यू हे चित्र नव्हे. तो चित्र काढणारा ऑब्जेक्ट आहे. मॉडेलमधलं काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे तो ठरवतो. अशा दाखवणाऱ्याला मराठीत आधीपासून शब्द आहे: दर्शक. दिशादर्शक, मार्गदर्शक, शाळेतलं दर्शक सर्वनाम, सगळीकडे हाच अर्थ. हिंदीत दर्शक म्हणजे बघणारा, पण त्याला आपल्याकडे प्रेक्षक आहे. (वाहिन्यांवरच्या मराठीत तोही हळूहळू दर्शक होतोय, ते वेगळं दुखणं.)

हा फरक नुसता कीस काढण्यापुरता नाही. डेस्कटॉपवर क्यूटी या खिडक्या-बटणं बनवायच्या साधनसंचामध्ये एकच मॉडेल एका टेबल व्ह्यूला आणि एका लिस्ट व्ह्यूला ‘सेटमॉडेल’ने जोडून बघा. टेबलातल्या एका चौकटीत १२ चे १५ केले की तो आकडा मॉडेलमध्ये जातो, मॉडेल ‘डेटाचेंज्ड’ हा सिग्नल सोडतं आणि तो रकाना यादीत दाखवलेला असेल तर तिथेही १५ दिसतात. पण टेबलातली तिसरी ओळ निवडली, तर यादीतली तिसरी ओळ आपोआप निवडली जात नाही. निवडीची नोंद वेगळ्या सिलेक्शन मॉडेलमध्ये राहते आणि प्रत्येक व्ह्यूला मुळात स्वतःचं मिळतं. दोघांना एकच हवं असेल तर एकाचं दुसऱ्याला मुद्दाम द्यावं लागतं. स्क्रोल कुठवर गेलाय, रकाना किती रुंद आहे, हा तर व्ह्यूचा खासगी मामला. ‘दृश्य’ म्हटलं की स्वतःजवळ काही बाळगणारी अशी वस्तू डोळ्यांसमोर येतच नाही.

आता ‘नियंत्रक ती बदलतो’. इथे भाषेपेक्षा आशय चुकलाय. मूळ रचनेत कंट्रोलर कीबोर्ड-माऊसकडून आलेलं ऐकतो आणि मॉडेलमधला बदल घडवून आणतो. बदल झाल्याचं व्ह्यूंना मॉडेल कळवतं. कंट्रोलरच प्रत्येक व्ह्यूच्या दारी निरोप देत फिरला, तर चौथा व्ह्यू आला की कंट्रोलरचा कोड उघडावा लागणार. मायक्रोसॉफ्टच्या एमएफसी या विंडोजचे प्रोग्राम लिहायच्या लायब्ररीत मॉडेलच्या जागी डॉक्युमेंट असतं आणि आपल्या व्ह्यूंची यादी तेच ठेवतं. बदल करणारा व्ह्यू डॉक्युमेंटच्या ‘अपडेटऑलव्ह्यूज’ या फंक्शनला स्वतःचा पत्ता देतो, म्हणजे त्याला वगळून बाकीच्यांना निरोप जातो. पत्त्याच्या जागी ‘नल’ (म्हणजे कोणीच नाही) दिलं की सगळ्यांना. स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेत निरोप घेणाऱ्यांना ‘डिपेंडंट’ म्हणत, मराठीत अवलंबित. अशांना ‘ऑब्झर्व्हर’ही म्हणतात, त्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘निरीक्षक’पेक्षा मला हा बरा वाटतो. निरीक्षक आपणहून तपासायला येतो. हे बापडे कोणी कळवेल म्हणून बसलेले असतात.

शब्दांवरून घोळ मूळ इंग्रजीतही झालाच होता. ही रचना मांडणारे नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत होते, तेव्हा मे १९७९ च्या टिपणात त्यांनी थिंग-मॉडेल-व्ह्यू-एडिटर अशी चौकडी मांडली होती. अ‍ॅडेल गोल्डबर्ग वगैरे सहकाऱ्यांशी बराच खल झाला आणि डिसेंबरपर्यंत मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर ही नावं ठरली.

‘प्रतिमान’ शुद्ध आहे, पण मुलांना पेलणार नाही. ‘नमुना’ तर नकोच, वर्गात हशा पिकेल. मी ‘मॉडेल’ आणि ‘कंट्रोलर’ तसेच ठेवीन, ‘दर्शक’ पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे व्ह्यू’ अशी जोड देईन आणि वाक्य असं करीन: ‘एका मॉडेलला अनेक दर्शक जोडता येतात, कंट्रोलर मॉडेलमध्ये बदल करवतो आणि मॉडेल तो सगळ्या दर्शकांना कळवतं.’