शेक्सपिअरचं ११६ नंबरचं सॉनेट: 'बिनशर्त प्रेम' लिहून झालं, पुढे काय?

प्रश्न: ताई, शेक्सपिअरच्या ११६व्या सॉनेटवर (म्हणजे १४ ओळींच्या कवितेवर) दोन पानी रसग्रहण लिहायचंय. गाइडमध्ये "खरं प्रेम बिनशर्त आणि कायम टिकणारं असतं" हेच फिरवून फिरवून लिहिलंय, ते उतरवलं की अर्ध्या पानात गाडी अडते. आणि शेवटच्या दोन ओळींचं लॉजिक तर डोक्यावरूनच गेलं.

उत्तर: गाइड चूक नाहीये गं, पण तो नुसता विषय झाला. कविता एकदा मोठ्याने वाच आणि जिथे जिथे नकार येतो तिथे पेन्सिलने खूण कर. समोरचा बदलला म्हणून बदलतं ते प्रेम नाही, वादळात ते हलत नाही, काळाच्या हातचं खेळणं नाही... पाचवी ओळ तर "छे, मुळीच नाही" अशीच सुरू होते, म्हणजे आधी कुणीतरी "माणसं बदलतात, मग प्रेमही बदलणारच" असलं काही बोललंय आणि हा गडी तावातावाने ते खोडून काढतोय. मला तरी हे प्रेमपत्र कमी आणि वादातलं उत्तर जास्त वाटतं. अख्ख्या १४ ओळींत 'तू' एकदाही नाही, बघ! 'खऱ्या मनांच्या लग्नात मी अडथळे मानणार नाही' ही सुरुवातीची भाषासुद्धा चर्चमधल्या लग्नविधीतली आहे, तिथे पाद्री विचारतो की या लग्नात काही अडचण माहीत असेल तर आत्ताच सांगा.

मग जहाज आणि तारा: प्रेम म्हणजे भरकटलेल्या जहाजासाठीचा तारा, असं कवी म्हणतो. इथे जरा रेंगाळ. त्या काळी खलाशी ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजून आपण कुठे आहोत याचा अंदाज काढायचे, पण उंची मोजली तरी ताऱ्याचं मोल कळत नाही असं कवी म्हणतो, शिवाय जहाज कितीही भरकटलं तरी तारा जागचा हलत नाही आणि बदल्यात काही मागतही नाही, म्हणजे बिनशर्तपणा तुला इथे दाखवता येईल. टिकण्याचा मुद्दा पुढच्या चार ओळींत आहे. गुलाबी ओठ आणि गाल काळाच्या विळ्याखाली येणारच हे तो सरळ मान्य करतो, फक्त त्यांच्याबरोबर प्रेमही जातं हे मानत नाही.

शेवटची जोडओळ म्हणते, हे चूक ठरलं तर मी कधी लिहिलंच नाही आणि कुणी कधी प्रेम केलंच नाही. आता लिहिलेलं तर तू हातात धरून वाचतेयस, मग तो चूक कसा ठरणार, अशी ती चलाखी. पण पुरावा म्हणून लंगडीच, कारण लिहिलंय हे खरं म्हणून लिहिलेलं खरं ठरत नाही ना. काहींना यात ठाम विश्वास दिसतो, काहींना वाटतं एवढा जोर लावतोय म्हणजे आत धाकधूक आहे. मी दुसऱ्या पार्टीतली. तू कुठलीही बाजू घे पण घे, आणि त्या पेन्सिलच्या खुणा पुरावा म्हणून वापर.

आणि हो, "प्रेयसीला लिहिलंय" असं ठोकून देऊ नकोस. १६०९ साली छापलेल्या १५४ सॉनेट्सपैकी पहिली १२६ साधारणपणे एका तरुणाला उद्देशून मानतात, आणि या सॉनेटमध्ये तर ती व्यक्ती कोण याचा काहीच पत्ता नाही.