कड्यावरची पिल्ले आणि आपले अंतर

प्रश्न : किल्ल्याच्या कड्यावर शाहीन ससाण्याची मादी कपारीत तासन्‌तास बसलेली दिसते. पिल्ले कधी दिसतील? किती जवळ जाता येईल? (एक वाचक, जुन्नर तालुका)

उत्तर : किल्ल्याचे नाव आम्ही मुद्दाम गाळले आहे. फोटो टाकताना तुम्हीही ते देऊ नका, नाहीतर पुढच्याच रविवारी तिथे गर्दी होईल.

शाहीन म्हणजे बहिरी ससाण्याचा आपल्याकडे बारमाही राहणारा प्रकार. तो काड्यांचे घरटे बांधत नाही. कपारीतली माती छातीने रेटून खळगा करतो. मादी साधारण दिवसाआड एक अशी ३-४ अंडी घालते, पण नीट उबवायला बसते ती शेवटच्या एक-दोन अंड्यांच्या वेळी. त्यामुळे पिल्ले जवळजवळ एकत्र बाहेर येतात, बसल्यापासून सुमारे महिन्याने. एवढ्या लांबून सुरुवातीला पिल्ले दिसणार नाहीत, मादीकडे लक्ष ठेवा. ती अंग थोडे उचलून बसू लागली, नराने आणलेली शिकार कपारीत नेऊन मान खाली घालून बारीक तुकडे तोडू लागली, की पिल्ले बाहेर आली असे समजा आणि त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. तेव्हापासून तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या लवेतून गडद पिसे डोकावतात. ३५ ते ४२ दिवसांत पिल्ले उडतात.

समोरच्या सोंडेवर, निदान ३०० मीटर दूर बसा. कड्याच्या माथ्यावर मात्र जाऊ नका. वरून आलेल्या माणसाचा या पक्ष्याला सर्वांत जास्त धसका असतो. ८x४२ ची (आठपट मोठे दाखवणारी) दुर्बीण जागा हेरायला पुरते, तपशिलासाठी तिवईवर स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची जास्त ताकदीची दुर्बीण) लागेल. सकाळी लवकर बघा; ऊन चढले की झळांमुळे चित्र थरथरते. पक्षी ‘कॅक-कॅक-कॅक’ असा कर्कश ओरडत घिरट्या घालू लागला, तर लगेच मागे फिरा. मादी उठलेली असताना उघड्या अंड्यांवर किंवा नवजात पिल्लांवर ऊन आले, तर ती फार काळ तग धरत नाहीत. डोमकावळेही टपलेले असतात. ड्रोन तर अजिबात नको.

प्रश्न : मेलबर्नच्या कॉलिन्स स्ट्रीटवरच्या बहिरी ससाण्याच्या घरट्याचा कॅमेरा बघतो. एक पिल्लू बाकीच्यांपेक्षा लहान आहे. ते उपाशी राहते का? (मेलबर्नहून एक वाचक)

उत्तर : बहुधा तो नर असावा. या जातीत नर मादीपेक्षा सुमारे एक तृतीयांश लहान असतो, आणि बहुतेकदा तोच दोन-चार दिवस आधी उडतो. आकार सोडा, भरवून झाल्यावर गळ्याखालची पिशवी बघा. ती फुगलेली असेल तर पिल्लाचे पोट भरले आहे. दिवसभर ती सपाट राहिली आणि पिल्लू चोच उघडून पुढेही येईनासे झाले, तरच काळजीचे कारण.

प्रश्न : पहिल्या उड्डाणात पिल्लू जमिनीवर पडले तर?

उत्तर : आधी कुत्री आणि माणसे लांब ठेवा. पाणी पाजू नका, मांस भरवू नका. पंख लोंबत असेल, रक्त असेल किंवा ते रस्त्यात बसले असेल, तर वनविभागाला १९२६ वर कळवा. धडधाकट पिल्लाला आईबाप तिथेही खाऊ आणून देतात, पण तुम्ही दूर गेल्यावरच.