इजिप्तची चित्रं बघण्याआधी शिधा बघा

इजिप्तची सगळी चित्रं सारखीच दिसतात, चेहरा बाजूने आणि डोळा समोरून. त्यांना नीट काढता येत नव्हतं का, आणि अभ्यास शैलीपासून सुरू करू की राजघराण्यांपासून, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर दोन्ही बाजूला ठेवा आणि एका गावापासून सुरुवात करा.

गावाचं नाव देर अल-मदिना. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिमेला. राजांच्या खोऱ्यातली थडगी खोदणारे, रंगवणारे लोक इथे बायकामुलांसह पिढ्यानपिढ्या राहिले. त्यांचा पगार धान्यात होता. साध्या कारागिराला महिन्याला साडेपाच पोती, मुकादमाला साडेसात. रामेसेस तिसरा या राजाच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी हा शिधा थकला, तेव्हा ही माणसं काम टाकून निघाली आणि देवळामागे जाऊन बसली. महिन्याचे १८ दिवस गेले, आम्ही उपाशी आहोत, हे त्यांचं म्हणणं गावच्या कारकुनाने लिहून ठेवलंय. तो पपायरस, म्हणजे त्या काळच्या कागदावरचा लेख, आज इटलीत तुरिनला आहे. मी तो मजकूर पहिल्यांदा वाचला त्यानंतर थडग्यातला एकही रंग मला नुसता रंग म्हणून बघता आलेला नाही.

आता 'येत नव्हतं का' याबद्दल. याच गावात चुनखडीच्या ठिकऱ्यांवर कामगारांनी हिशोब, निरोप, चित्रं काढून ठेवलीत. त्यातली एक ठिकरी केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. एक पाथरवट छिन्नी आणि मोगरी घेऊन कामाला भिडलाय. दाढीचे खुंट वाढलेले, नाक फुगीर, तोंड उघडं. हे ज्या गावातल्या हातांना जमत होतं, त्याच हातांनी राजा मात्र ताठ, गुळगुळीत आणि कायम तरुण काढला. म्हणजे राजाचा ताठपणा ही मागणी होती. राजाला दाढीचे खुंट चालणार नव्हते.

शिवाय एक भिंत एकटा माणूस रंगवत नसे. आधी लाल रेघांचा आराखडा, त्यावर जाणत्या हाताने काळ्या रेघेत केलेली दुरुस्ती, मग कोरणारे, मग रंगवणारे. होरेमहेब राजाचं थडगं अर्धवट राहिलं, म्हणून तिथे हे टप्पे अजून दिसतात. उभ्या माणसाला तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत भिंतीवर आखलेले १८ चौकोन, हा नियमही अनेक हातांनी एकच माणूस काढायच्या सोयीचा. (पुढच्या काळात ही मोजणी बदलली, पण सुरुवातीला तिथे अडकू नका.)

मग पैसे देणाऱ्याकडे वळा. ब्रिटिश म्युझियममध्ये नेबामुनच्या थडग्यातली चित्रं आहेत, साधारण इ.स.पू. १३५० ची. हा राजा नव्हे, अमुनच्या देवळात धान्याचा हिशोब ठेवणारा कारकून. पाणपक्ष्यांच्या शिकारीच्या चित्रात तो सर्वांत मोठा. बायको मागे नटूनथटून उभी, मुलगी त्याच्या पायाला धरून बसलेली. इतकं सजून दलदलीत कोण जातं? पण सणाला नातेवाईक थडग्यातल्या या चित्रांच्या खोलीत येऊन अन्नपाणी ठेवत, त्यांनी त्याला असंच बघावं ही इच्छा होती. दुसऱ्या तुकड्यात त्याच्यासमोर गुरं आणि बदकं मोजली जाताहेत, मोजणारी माणसं आकाराने लहान. कोण कुणापुढे वाकलंय, कोण किती मोठा काढलाय, हे आधी टिपा. घराण्यांचे क्रमांक नंतर पाठ होतील. आणि खोडाखोड बघायला विसरू नका. याच थडग्यात अमुन देवाचं नाव नंतर ठोकून काढलंय, कारण अखेनातनच्या राज्यात त्या देवाचं नाव चालेनासं झालं.

शेवटी परत गावात या आणि सेन्नेजेमचं थडगं बघा. १८८६ मध्ये सापडलं. हा राजांच्या थडग्यांवर राबणारा कामगार. पूर्वेच्या भिंतीवर परलोकातलं शेत आहे. तिथे तो नांगर धरतो, कापणी करतो, बायको बरोबर आहे, आणि दोघांच्या अंगावर पांढरी शुभ्र वस्त्रं आहेत. पीक चांगलं उंच वाढलेलं आहे.