आधी आकडा बोला, मग हॉल बघा

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं लग्नाच्या खर्चाची होती. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, म्हणून तीन निवडलीत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण त्यातली काळजी बाकीच्या बऱ्याच पत्रांत होतीच, फक्त आकडे वेगळे.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही लालबागला राहतो. मुलीचं लग्न ठरलंय, मुलगा विरारचा आहे, स्वभावाने चांगला, नोकरी पक्की. त्यांना डिसेंबरमध्येच करायचंय. आमच्याकडे सगळं मिळून ६ लाख आहेत, त्यातच दागिने, कपडे, हॉल, जेवण सगळं आलं. दोन्हीकडची मिळून ४५० माणसं होतायत. दादरला एका हॉलचं भाडं दीड लाख सांगितलं आणि जेवण ६०० रुपये प्लेट. मुलाकडचे काही मागत नाहीत, फक्त "लग्न नीट करा" म्हणतात. मिस्टरांच्या रिटायरमेंटला ३ वर्षं राहिलीत, ते म्हणतात ३ लाखांचं पर्सनल लोन काढू नाहीतर पीएफमधून काढू. मला रात्र रात्र झोप नाही. काय करू? — एक आई, लालबाग

उत्तर : ताई, पहिलं सांगते, लोन काढू नका. ३ लाख रुपये १२ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी घेतले तर महिन्याला ९,९०० च्या वर हप्ता बसतो आणि व्याजाचेच ५८-५९ हजार जातात, म्हणजे मिस्टर रिटायर होईपर्यंत दर महिन्याला एका दिवसाच्या जेवणाचे पैसे फेडत बसायचं. पीएफमधून लग्नासाठी पैसे काढता येतात हे खरं आहे, पण तो तुमच्या दोघांचा म्हातारपणीचा दवाखाना आहे, त्याला हात लावू नका, मुलीलाही विचारा, तीही नकोच म्हणेल.

आता मला एक सांगा, "नीट करा" म्हणजे नक्की काय, हे तुम्ही त्यांना विचारलंत का? बहुतेक घरांत हे कोणी विचारतच नाही आणि मग मुलीकडचे मनातल्या मनात धरून चालतात की एसी हॉल पाहिजे, चाट काउंटर पाहिजे, वरात पाहिजे, आणि तिकडे विहीणबाईंच्या मनात एवढंच असतं की आमच्या गावाकडच्या माणसांना गरम जेवण मिळावं आणि बसायला खुर्ची असावी. तुम्ही दोघं त्यांच्याकडे जा, फोनवर नको, चहा घेता घेता सरळ सांगा की "व्याहीबुवा, आमच्याकडे लग्नाला एवढे एवढे आहेत, कर्ज काढायचं नाही असं ठरवलंय, यात आपण दोघं मिळून काय चांगलं करू शकतो ते बघू या." आकडा तोंडाने बोला. लाज वाटेल, घशाशी येऊन अडकेल, तरी बोला, आणि हॉलची टोकन अमाउंट देण्याच्या आधी बोला, नंतर बोललात तर ती तक्रार वाटते. हॉल आणि जेवण अर्धं-अर्धं करू या का हेही विचारा, आता कितीतरी घरं असं करतात आणि त्यात कोणाची मान खाली जात नाही. आकडा ऐकून समोरून मागण्यांची यादी आली तर मात्र थांबा. लग्नाच्या बदल्यात पैसे किंवा वस्तू मागणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्याला मानपान असं गोड नाव दिलं तरी. पण तुमच्या पत्रावरून ती माणसं तशी वाटत नाहीत.

मग बसा यादी घेऊन. हॉल, फुलं, बँड, फोटो यात घासाघीस करून पाच-दहा हजार वाचतात, खरा खर्च ताटावर असतो. ४५० ताटं ६०० ने म्हणजे २ लाख ७० हजार. तीच २५० केलीत तर दीड लाख. १ लाख २० हजार नुसत्या यादीत वाचले, शिवाय २५० माणसांना छोटा हॉल चालतो, त्याचं भाडं कमी, डेकोरेशन कमी. यादी करताना एकच बघा, गेल्या २ वर्षांत तुमच्या घरात आजारपण आलं, दुःख आलं तेव्हा ज्याने निदान फोन केला तो यादीत, बाकीच्यांना नंतर पेढे. शेजाऱ्यांना आणि ऑफिसच्या लोकांना हळदीला किंवा नंतर पूजेला चहा-फराळाला बोलवा, ते मनापासून येतात.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं सांगते, २००९ साल. केटररला ३०० ताटांची गॅरंटी दिलेली, बुफे होता, आणि शेवटी बिल आलं ३७१ ताटांचं. माणसं तेवढी आलीच नव्हती. झालं असं की लोक गोडासाठी परत नवीन प्लेट उचलत होते, पोरं आईस्क्रीमसाठी वेगळी, आणि केटरर मोजतो ती वापरलेली प्लेट, माणूस नाही. इकडे मुलीची पाठवणी व्हायची होती आणि बाबा हॉलच्या ऑफिसात ट्यूबलाइटखाली बसलेले, फेट्यात अक्षता अडकलेल्या, समोर टेबलावर आहेराची पाकिटं. मी एकेक पाकीट फोडून १०१ चे, ५०१ चे वेगळे गठ्ठे लावत होते आणि ते मोजून केटररच्या माणसाला देत होते. बहीण रडत गाडीत बसली तेव्हा बाबा दोन मिनिटं उशिरा पोचले. ते मला अजून विसरता येत नाही आणि त्यांनाही येत नसणार, बोलत नाहीत एवढंच.

म्हणून सांगते, केटररशी बोलताना कागदावर लिहून घ्या, गॅरंटी किती ताटांची, वरचं ताट कुठल्या रेटने, गोडाची वाटी वेगळी देणार का, जीएसटी रेटमध्ये धरलाय की वरून, पाणी कोणाचं. गॅरंटी नेहमी कमी द्या, २५० बोलावलीत तर २२० ची द्या, वाढली तर जास्तीचे पैसे देता येतात, ताटं कमी लागली तर पैसे परत कोणी देत नाही. आणि घरातला एक शांत डोक्याचा भाचा-पुतण्या फक्त ताटांवर ठेवा, जेवण सुरू व्हायच्या आधी मांडलेल्या प्लेट मोजायच्या, शेवटी उरलेल्या मोजायच्या, आणि केटररच्या माणसाची तिथेच सही घ्यायची. मेनू साधा ठेवा. पुरी, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, मसालेभात, कोशिंबीर, जिलेबी, मठ्ठा, हे गरम वाढलं ना की कोणाला चायनीज काउंटरची आठवण येत नाही. जमलं तर पंगत करा, वाढपी लागतात पण वाया कमी जातं आणि म्हाताऱ्या माणसांना हातात ताट धरून उभं राहावं लागत नाही.

डिसेंबरचं असं आहे की तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास म्हणून बरेच जण लग्न करत नाहीत, मग सगळी गर्दी त्या थोड्या दिवसांत होते आणि हॉलवाले रेट सोडत नाहीत. फेब्रुवारीतला मधल्या वाराचा मुहूर्त मिळतो का बघा. तुम्हाला रविवारच बरा वाटेल, पण विरारची माणसं वेस्टर्न रेल्वेने येणार, तुमची बरीचशी सेंट्रलने, आणि रविवारी कुठल्या ना कुठल्या लाइनवर दुरुस्तीचा ब्लॉक असतो, १२ चा मुहूर्त आणि तुमची माणसं ठाण्याला गाडीत बसलेली असं व्हायला नको. दादर दोन्ही लाइनला सोयीचं आहे पण स्टेशनपासून चालत जाता येईल असाच हॉल घ्या, म्हणजे बसचा खर्च नाही.

लग्न आणि जेवण सकाळीच उरका, संध्याकाळचं वेगळं रिसेप्शन म्हणजे दुसरा हॉल-चार्ज, दुसरं जेवण, दुसरी साडी. साखरपुडा आदल्या दिवशी घरच्या घरी. हळद सोसायटीच्या किंवा चाळीच्या आवारात छान होते, फक्त रात्री १० नंतर स्पीकर बंद ठेवावा लागतो तेव्हा संध्याकाळी ५ ला सुरू करा. फुलं दादर पश्चिमेच्या फूलबाजारातून पहाटे आणा, हार-मुंडावळ्यांची ऑर्डर ४-५ दिवस आधी देऊन ठेवा, तुम्हाला तर लालबागहून १० मिनिटांचं काम आहे. देण्याघेण्याच्या साड्या हिंदमाताला बघा, आणि सगळ्यांना देण्यापेक्षा कमी माणसांना, पण नेसाव्याशा वाटतील अशा द्या, कपाटात पडून राहणारी साडी देऊन कोणाचाच मान होत नाही.

आणि मिस्टरांना सांगा, त्यांच्यावर रागावले नाहीये मी. बाप लोन काढायला निघतो तो मुलीवरच्या मायेनेच.

प्रश्न : मी २९ वर्षांचा, कांदिवलीला राहतो. मला आणि होणाऱ्या बायकोला रजिस्टर लग्न करून ते पैसे घराच्या डिपॉझिटला वापरायचेत. आईला मंगलाष्टकं आणि अंतरपाट पाहिजेच. दोन्ही कसं जमवायचं?

उत्तर : दोन्ही जमतं, फक्त दोन रस्ते वेगळे आहेत ते समजून घे. पहिला रस्ता, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न. त्यासाठी दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहत असला पाहिजे, नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, मग ३ साक्षीदार घेऊन सह्या, आणि नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांच्या आत लग्न केलं नाही तर परत नोटीस. म्हणजे घाईत होणारं काम नाही, तारीख ठरवताना आधी नोटीस टाका. दुसरा रस्ता, घरी किंवा देवळाच्या सभागृहात विधी करून लग्न लावायचं आणि मग महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नोंदणी करायची, त्यालाही ३ साक्षीदार लागतात आणि ९० दिवसांच्या आत केलीत तर उशिराचा दंड नाही.

आईसाठी मला दुसरा रस्ता जास्त आवडेल. ५०-६० माणसं, एक भटजी, अंतरपाट धरायला दोन मामा, मंगलाष्टकं घरातल्याच गोड गळ्याच्या मावशीने म्हणायची. नोंदणीला लग्नपत्रिका आणि लग्न लावणाऱ्याची माहिती, सही लागते, तेव्हा आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंत तरी थोड्या पत्रिका छापाच, एक देवापुढे, काही म्हाताऱ्या नातेवाइकांना हातात द्यायला, एक ऑफिसच्या फाइलला. भटजींची सही लग्नाच्या दिवशीच फॉर्मवर घेऊन टाका, नंतर त्यांना गाठणं हे एक कामच होतं.

आईला असं वाटू देऊ नकोस की कमी खर्चाचं लग्न म्हणजे काहीतरी चोरून केलेलं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच भटजींशिवाय, अगदी थोड्या खर्चात लग्नं लावायला सुरुवात केली होती, भटजींच्या वर्चस्वाला त्यांचा विरोध होता आणि लग्नापायी शेतकरी कर्जात बुडताना ते बघत होते. साधं लग्न आपल्याकडे नवीन नाही. आणि डिपॉझिटचा आकडा आईला कागदावर दाखव, नुसतं "पैसे वाचवायचेत" म्हटलं की आईला वाटतं माझ्या हौसेवर वाचवतोय.

प्रश्न : मी स्वतःच्या पगारातून लग्न करतेय. आईच्या जुन्या पाटल्या आणि एक चपलाहार आहे, ते मोडून नवीन डिझाइन करावं का? — एक वाचक, भांडुप

उत्तर : मोडू नको गं. जुनं सोनं वितळवलं की घट धरतात, शिवाय नव्या दागिन्याची मजुरी आणि वर ३ टक्के जीएसटी, म्हणजे घरातलं सोनं देऊन हातात कमी वजन येतं. पॉलिश करून घे, चपलाहाराची कडी झिजली असेल तर ती तेवढी बदल, लग्नाच्या फोटोत जुन्या घडणीचा चपलाहार नव्यापेक्षा उठून दिसतो. नवीन फक्त मंगळसूत्र घे. त्याच्यावर ६ अक्षरी-आकडी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, आहे ना ते भिंगातून बघ, १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो असावाच लागतो, आणि दुकानातून निघायच्या आधी सरकारच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून तपास. बिलावर वजन, कॅरेट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घे.

पाटल्या आईच्या मापाच्या असल्याने तुला सैल होतील. त्या आधी चढव आणि पुढे हिरवा चुडा घट्ट मापाचा भर, म्हणजे अक्षता पडताना हात वर-खाली झाला तरी पाटली घसरत नाही.