दुकान बंद झालं, आणि मग तिसरी रात्र

"मॅडम, सरकार दारूच बंद कामून करीत नाही? ना राहील बांबू ना वाजील बासरी." दारू सोडवायच्या माझ्या कामात हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा तरी येतोच. विचारणारी बहुतेक वेळा बायकोच असते, कधी आई, एकदा तर आठवीतली पोरगी बापाला घेऊन आली होती आणि तिनंच विचारला. पूर्वी मी यावर लांबलचक उत्तर द्यायचे, आता नाही देत. का ते सांगायचं म्हणलं तर सुमनताईंचं सांगावं लागेल. (नावं बदललीत, गाव सांगत नाही, बीड जिल्ह्यातल्या केज-धारूरच्या पट्ट्यातलं आहे एवढं पुरे.)

सुमनताई पहिल्यांदा आल्या त्या जूनमध्ये, पेरणीच्या आधी. नवरा-बायको दोघंही ऊसतोडीला जाणारे, म्हणजे मुकादमाच्या भाषेत एक कोयता. सोबत पिशवीत कागदांची चळत, बायकांच्या सह्या आणि अंगठे. गावातलं सरकारमान्य देशीचं दुकान बंद करायचं म्हणून बचत गटातल्या बायकांनी मोहीम काढली होती आणि ह्या त्यात पुढं. म्हणल्या, "आमचे मालक रोज पेतेत. दुकानच नसलं तर पेतील कुठून? तुम्ही फकस्त ह्या कागदाचं पुढं काय करायचं ते सांगा."

मला पण हुरूप आला, खोटं कशाला बोलू. रोज रडणाऱ्या बायका बघून बघून माणूस थकतो आणि ही एक उभी राहिलेली बाई समोर. मी सगळं समजावून सांगितलं. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली, आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. पण खरी मेख पुढं आहे. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं पाहिजेत ती आलेल्या बायकांच्या निम्मी नाही, यादीतल्या सगळ्या बायकांच्या. जी आलीच नाही तिचं मत आपोआप दुकानदाराच्या खात्यात गेल्यासारखं. आणि आपल्याकडं दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातं, नावं मात्र यादीत राहतात. म्हणून मी त्यांना म्हणाले, ताई, काय करायचं ते दसऱ्याच्या आत करा. ह्या सल्ल्याचा मला आजही अभिमान आहे, खरंच, कारण त्यामुळंच त्या जिंकल्या.

पण एक प्रश्न मी विचारलाच नाही. सकाळी उठल्यावर मालकाचे हात थरथरतात का?

माझ्या कामात हा पहिला प्रश्न असतो. चहाची बशी धरता येते का, घाम येतो का, डोळे उघडायला आधी एक घोट लागतो का. लागत असंल तर तो माणूस आता मजेसाठी पीत नाही, त्याचं शरीरच दारूवर चालू आहे, आणि अशा शरीराची दारू एका झटक्यात तोडणं धोक्याचं असतं. हे मला पाठ आहे, मी ट्रेनिंगमध्ये दुसऱ्यांना शिकवते. त्या दिवशी सह्यांच्या कागदात बुडाले आणि राहून गेलं.

जाता जाता सुमनताईंनी अजून एक दाखवलं होतं, पेपरातली जाहिरात बघून मागवलेली पुडी, "न सांगता दारू सोडवा" वाली, वरणात कालवून द्यायची. ती मात्र मी तिथंच ठेवून घेतली. त्यात काय असतं ते विकणाऱ्यालाच माहीत. डॉक्टर देतात ती एक गोळी आहे, तिच्यावर दारू पिली की अंग लाल होतं, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, जिवावर बेतू शकतं, म्हणून ती कायम पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीनं देतात. चोरून औषध देणं म्हणजे माणसाच्या जेवणात सुरुंग ठेवणं आहे. हे लिहून ठेवते कारण हे विचारणारे पण खूप असतात.

असो. पोळा झाला, मतदान झालं, आडवी बाटली आली. काही दिवसांनी दुकानाला सील लागलं. बायकांनी हलगी लावून गावातून फेरी काढली, मला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला, सुमनताई पुढं नाचत होत्या. नाल्यातली हातभट्टी पण बायकांनीच फोडली. शेजारचं दुकान नऊ किलोमीटरवर, खिशात पैसे नाहीत, आणि धाकट्या दिरानं ठरवलंच होतं, आता ह्याला घराबाहेर सोडायचं नाही. महादेवच्या, म्हणजे सुमनताईंच्या मालकांच्या, गळ्यात माळ घातली, माळवदाच्या खोलीत बसवला आणि बाहेरून कडी.

पहिल्या दिवशी घाम आणि थरथर. घरचे म्हणले, नशा उतरायली, बरंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिट आली, दातखीळ बसली. कांदा हुंगवला, वहाण हुंगवली. तिसऱ्या रात्री तो उठून बसला आणि अंधारात ऊस तोडायला लागला. हे मला सुमनताईंनी नंतर सांगितलं आणि मी ते विसरू शकत नाही. हातात काही नाही, पण खाली वाकून कापायचा, पाचट सोलायचा, वाढं बाजूला टाकायचा, मोळी बांधायचा, गुडघ्यानं दाबून गाठ मारायचा. "गाडी आली, गाडी आली, भरा भरा," असं ओरडायचा. मधेच गोधडीवरच्या मुंग्या वेचायचा, मुंग्या नव्हत्याच. मुकादमाशी भांडायचा, मुकादम तिथं नव्हता. पोरं कोपऱ्यात. सासू म्हणली, बाहेरचं झालंय, दुकानदारानं करणी केली. पहाटे देवऋषी.

करणी नव्हती ती. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात असा भ्रम होऊ शकतो, आणि त्यात माणूस बऱ्याचदा आपलं रोजचंच काम करायला लागतो, शिंपी सुई ओवतो, ड्रायव्हर स्टेअरिंग फिरवतो. ताप चढतो, नाडी पळते, उपचार नाही मिळाले तर माणूस दगावू शकतो.

सकाळी एका खाजगी दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, पितो का, किती पितो? आणि दीर म्हणला, "नाही साहेब, माळकरी आहे तो."

का म्हणला? कारण गाव आता दारूबंदीचं गाव झालं होतं. भावजय मोहिमेची पुढारी, पेपरात फोटो आलेला. लाज वाटली त्याला. डॉक्टर बिचारे मेंदूत ताप गेलाय का, मलेरिया आहे का ते शोधत बसले, त्यांची काय चूक. चारपाच तास गेले. मग सुमनताईंनीच मला फोन केला, मी फोनवरच म्हणाले की आधी डॉक्टरला खरं सांगा, रोज चार क्वार्टर, शेवटची कधी ते पण सांगा, आणि अंबाजोगाईला हलवा. स्वारातीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्याच्या, वॉर्डात पोचले तेव्हा त्याचे हात बांधावे लागले. बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, झोपेची औषधं हळूहळू कमी करत, सलाईन. नऊ दिवस. वाचला.

त्या वॉर्डाच्या व्हरांड्यात सुमनताईंनी मला परत तोच प्रश्न विचारला पण उलटा करून. "मॅडम, मी दुकान बंद केलं ते चुकलं का?"

नाही चुकलं. चूक झाली ती माझी, पण ते त्या वेळी तोंडातून निघालं नाही, दोन दिवसांनी सांगितलं. त्या म्हणल्या, "तुम्ही पण माणूसच की." एवढंच.

आता कायद्याचं. लोकांना वाटतं महाराष्ट्रात दारू खुली आहे आणि बंदी आणायची आहे. गंमत अशी की आपल्याकडच्या कायद्याचं नावच दारूबंदी कायदा आहे, 1949 चा. त्यानुसार प्यायला सुद्धा परमिट लागतं, एक दिवसाचं मिळतं, आजीवन मिळतं, बियरला वय 21 आणि बाकी दारूला 25. राज्यघटनेच्या कलम 47 मध्ये पण लिहिलंय की सरकारनं दारूबंदीचा प्रयत्न करावा. म्हणजे कागदावर महादेव रोज गुन्हाच करीत होता. सुमनताईंना हे सांगितलं तर त्या खूप वेळ हसल्या, मग म्हणल्या, "आणि दुकानाला लायसन पण तेच सरकार देतं?" तेच देतं. आणि दारू कशाची, तर मळीची. त्यांनी तोडलेला ऊस कारखान्यात जातो, साखर निघते, राहिलेल्या मळीचं स्पिरिट होतं आणि त्यातलं काही देशीच्या बाटलीतून परत गावात येतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, ऊस तोडायचा, आणि उचल त्याच उसाच्या पाण्यात घालवायची.

पूर्ण बंदी करून बघितलेली पण आहे. विदर्भात वर्धा आणि गडचिरोली अजून बंद आहेत, चंद्रपूर 2015 ला बंद झालं आणि 2021 ला परत उघडलं. बिहारमध्ये 2016 पासून बंदी, तिथं पिणाऱ्यालाच तुरुंगात टाकत होते, शेवटी 2022 मध्ये पहिल्यांदा सापडलेल्याला दंड घेऊन सोडायची दुरुस्ती करावी लागली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूनं कितीतरी माणसं मेली. मग कोणी म्हणतं बघा, बंदीमुळं विषारी दारू येते. तर मुंबईत मालवणीला 2015 मध्ये शंभरावर माणसं मेली तेव्हा कुठं बंदी होती? तिथं दुकानं उघडीच होती, पण गरिबाला परवडणारी ती नव्हती. त्यामुळं ह्या वादात मला आता रस राहिला नाही. माझी अडचण एकाच जागी आहे. ज्या दिवशी पिणं हा गुन्हा होतो त्या दिवशी दवाखान्यात कोणीतरी म्हणतं, "नाही साहेब, माळकरी आहे तो." कायदा दुकानावर चालवा, गुत्त्यावर चालवा, हप्ते खाणाऱ्यावर तर जरूर चालवा, पण थरथरणाऱ्या माणसाला डॉक्टरपुढं खरं बोलता आलं पाहिजे.

महादेवचं पुढं सरळ काही झालं नाही. डिस्चार्जनंतर दर पंधरा दिवसाला येत होता, पैशाचं ठरवलं, मुकादमानं उचलीतली निम्मी रक्कम सुमनताईंच्या हातात द्यायची. मुकादम आधी तयारच होईना, बाईच्या हातात पैसे दिले तर हिशोब कोणाकडं मागायचा म्हणे! झाला तयार. तसे ते कोयता घेऊन गेले, आणि जानेवारीत तिकडं कारखान्याच्या गेटसमोर तो घसरला, चार दिवस पिला. गावची आडवी बाटली गावापुरती, तिथं तर उभीच. पण ह्या वेळी सुमनताईंनी फोन केला तेव्हा मी विचारायच्या आधीच त्या म्हणल्या, "सकाळी थरथरत नाही अजून, बशी धरतेत, मी बघितलं." जवळच्या दवाखान्यात गेले, महादेवनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, थांबला. (ज्यांना जवळ कोणी नाही त्यांनी 14446 हा नशामुक्तीचा फोन लावावा, फुकट आहे.)

मे महिन्यात आला तेव्हा मी त्यालाच विचारलं, दुकान बंद झाल्याचा तुम्हाला राग आहे का? जरा वेळ गप्प बसला. मग म्हणला, "मॅडम, तवा लई राग होता. आता कसंय, रानातून येताना चिंचेच्या वळणावर ते दुकान होतं. रोज तिथं पाय जड व्हायचे. आता तिथं कुलूप आहे, त्याच्यापुढं शेळ्या बसतेत. मी शेळ्या बघत बघत घरी जातो." बंदीचा त्याला उपयोग झालाय, पण वॉर्डातल्या त्या नऊ दिवसांनंतर.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावच्या सातआठ बायका सुमनताईंकडं आल्या, त्यांना पण बाटली आडवी करायची आहे. मी योगायोगानं तिथं होते, सुमनताईंनी मला मुद्दाम बोलावलं असावं असा माझा संशय आहे. बायकांनी सह्यांचे कागद काढले तर ह्यांनी ते उलटे करून ठेवले आणि म्हणल्या, "हे नंतर. आधी सांगा, तुमच्या गावात सकाळी हात थरथरणारे किती? त्यांची यादी करा, त्यांना आधी अंबाजोगाईला दाखवा, मग मतदान."

बायका बोटावर मोजायला लागल्या. एक हात संपला, दुसरा सुरू झाला, तो पण संपला. मग एकजण जरा दबक्या आवाजात म्हणली, "सरपंचाला धरायचं का त्यात?"